मागच्या सीटवरची बाई



जुलै २०१८ मधला तो प्रसंग अजूनही पुष्कळजणींच्या डोळ्यांसमोर असेल. कल्याणच्या शिवाजी चौकात, भर पावसात, पाणी साचलेल्या रस्त्यावर एका दुचाकीचे चाक खड्ड्यात गेले. गाडी कलंडली, मागे बसलेली बाई खाली पडली आणि शेजारून जाणाऱ्या बसच्या चाकाखाली आली. चौकातल्या कॅमेऱ्याने हे टिपले आणि ती काही सेकंदांची चित्रफीत देशभर फिरली. मग मोर्चे निघाले, महापालिकेच्या सभेत गदारोळ झाला, खड्ड्यांत झाडे लावून निषेध झाले. कंत्राटदार, अभियंते, नगरसेवक सगळ्यांवर चर्चा झाली. एका प्रश्नावर मात्र फारसे कोणी बोलले नाही. बाई गेली, तेव्हा त्या घरातून नेमके काय गेले? आणि त्याची भरपाई कोणी, किती आणि कोणाच्या हातात द्यायची?

रस्त्यावरचे अपघात हा काही बायकांचा प्रश्न नव्हे, असे आपल्यापैकीही अनेकींना वाटत आले आहे. हुंडा, मारझोड, पोटगी, कामाच्या जागी होणारा छळ हे आपले विषय. मोटारसायकलचा अपघात म्हणजे नशीब, नाहीतर वाहतूक पोलिसांचे काम. पण गेल्या काही वर्षांत सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांचे बोलणे नीट ऐकले, तर या प्रश्नाचा धागा पुन्हा पुन्हा हाती येतो. पोटगीसाठी आलेली बाई मध्येच सांगते, "ते अपघातात पडले तेव्हापासूनच सगळं बिघडलं." सासरच्यांनी घराबाहेर काढलेली तरुण विधवा सांगते, "केस चालू आहे म्हणतात, पण कुठे ते मला ठाऊक नाही. सह्या सासऱ्यांनी घेतल्या." म्हणून या अंकाचे संपादकीय दुचाकीच्या मागच्या सीटवरच्या बाईबद्दल, आणि दवाखान्यातल्या खाटेच्या कडेला बसलेल्या बाईबद्दल आहे. बऱ्याचदा ती एकच बाई असते.

थोडे आकडे पाहू. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची सरकारी नोंद ५० हजारांवर आहे आणि त्यांत १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. एकूण मृतांत पुरुष साधारण ८६ टक्के. म्हणजे हा पुरुषांचा प्रश्न झाला का? उलट, प्रत्येक मेलेल्या वा अधू झालेल्या पुरुषामागे एक आई, एक बायको, एखादी शिकत असलेली मुलगी आहे. मेलेल्यांची मोजणी होते. या बायकांची कोणत्याही तक्त्यात होत नाही.

आपल्या भागात बाई दुचाकीच्या मागे का बसते, हेही पाहायला हवे. डोंबिवलीची सकाळची लोकल आपण सगळ्याच जाणतो. स्टेशनपर्यंत पोचायला रिक्षाची रांग, बस वेळेवर नाही, आणि आठ-चाळीस चुकली तर लेट मार्क. मग नवरा, भाऊ, दीर "चल, सोडतो" म्हणतो. कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेने उभ्या राहिलेल्या मोठमोठ्या वसाहतींत घरकामाला जाणाऱ्या बायका, रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिका, घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या पुढे राहायला गेलेल्या आणि ठाणे स्टेशन गाठायला धडपडणाऱ्या नोकरदार मुली, या सगळ्या अवजड ट्रक, मेट्रोचे खांब आणि उखडलेल्या रस्त्याच्या मधून वाट काढणाऱ्या दुचाकीवर बसतात. सार्वजनिक वाहतूक धड नसली की त्याची किंमत शेवटी कोणाच्या तरी हाडांनी चुकवली जाते.

त्यात घरात हेल्मेट एकच असते आणि ते पुढच्याच्या डोक्यावर असते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये स्पष्ट आहे. पण दंड पुढच्याला होतो म्हणून हेल्मेटही पुढच्यालाच, असा हिशेब घराघरांत पक्का आहे. बाईचे केस बिघडतात, अंबाडा आडवा येतो, दोन हेल्मेटे सांभाळायची कुठे, ही कारणे आपणही देतो. पदर आणि ओढणी चाकात अडकून किती बायका रस्त्यावर फेकल्या गेल्या आहेत! मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षक कवच, ज्याला आपण साडी गार्ड म्हणतो, मागच्या माणसाला धरायला दांडा आणि पाय ठेवायला जागा या तिन्ही गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे दुचाकीला असल्याच पाहिजेत. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून कवच काढून टाकले जाते. ते काढताना मागे कोण बसणार आहे, हे कोणी विचारात घेत नाही.

आता अपघातानंतरचे पहिले दिवस. हे दिवस फार मोलाचे असतात आणि नेमके तेच हातातून निसटतात.

जखमीला दवाखान्यात नेले की पहिली धावपळ पैशांची. मंगळसूत्र गहाण पडते ते याच रात्री. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे की जखमीवर तातडीचे उपचार करणे हे सरकारी आणि खाजगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. पोलीस येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. मे २०२५ पासून केंद्र सरकारची रोकडरहित उपचारांची योजना लागू झाली. तिच्यात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमून दिलेल्या रुग्णालयांत पैसे न भरता मिळायला हवेत. जखमीला उचलून आणणाऱ्याला पोलिसांनी अडकवून ठेवायचे नाही, नाव सांगण्याची सक्ती करायची नाही, हेही कायद्यात आहे. या गोष्टी वस्तीतल्या प्रत्येक बाईला पाठ असायला हव्यात. अपघात झाल्यावर कायदा शोधायला वेळ नसतो.

दुसरी धावपळ कागदांची. दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी वैद्यकीय नोंद, झाली का? ती 'पडून लागले' अशी झाली की 'वाहन अपघात' अशी? घाईत कोणीतरी 'घरी पडले' असे सांगून मोकळा होतो आणि पुढे सगळा दावा त्या दोन शब्दांवर अडतो. फिर्याद नोंदवली का, धडक देणाऱ्या गाडीचा नंबर लिहिला का, जागेचा पंचनामा कधी झाला? बाई शुद्धीवर असेल तर तिचा जबाब तिच्या तोंडून घेतला गेला का, की बाहेर उभ्या असलेल्या दिराने सांगितला तोच लिहिला? औषधांच्या पावत्या, एक्सरे, डिस्चार्ज कार्ड, रिक्षाभाड्याचा हिशेब, हे सारे एका पिशवीत जपून ठेवायला हवे.

एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. जखमीला किंवा वारसांना त्यांच्या हक्कांची माहिती लेखी द्यायची असते. पोलिसांचा अहवाल हाच न्यायाधिकरणाने भरपाईचा अर्ज मानायचा, असेही कायदा म्हणतो. आपल्या ठाण्यांमधून हे होते का, ते आपण जाऊन विचारले पाहिजे. विचारणारी बाई एकटी असली की तिला बाकावर बसवून ठेवतात. चौघीजणी गेल्या की कागद सापडतो.

कागदांइतकीच मुदतही महत्त्वाची आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर भरपाईच्या दाव्याला कालमर्यादा राहिली नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांत दावा करण्याचे बंधन आले. हे सहा महिने कोणाचे आयुष्य डोळ्यांसमोर ठेवून ठरवले असतील? आपल्याकडे नवरा गेला की दहावे-तेरावे होईपर्यंत बाई उंबरा ओलांडत नाही. काही घरांत वर्षश्राद्धापर्यंत तिने बाहेरच्या कामात पडायचे नाही असा दंडक असतो. मुंब्रा, भिवंडी, कल्याणच्या मुसलमान बहिणींची इद्दतच चार महिने दहा दिवसांची. पायात सळई घालून खाटेवर पडलेल्या बाईला तर अंथरुणातून उठायलाच तेवढे दिवस लागतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की निकाल लागेपर्यंत केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत. म्हणून ज्यांची मुदत टळली आहे त्यांनीही आशा सोडू नये. पण नव्या प्रत्येक प्रकरणात सहा महिने हीच शेवटची तारीख समजून आपण कामाला लागावे.

दावा कुठे करायचा, याबाबत कायदा बाईच्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. अपघात जिथे झाला तिथे, दावा करणारी जिथे राहते तिथे, किंवा प्रतिवादी जिथे राहतो तिथे, या तिन्ही ठिकाणी दावा करता येतो. घोडबंदरला नवरा गेला आणि बाई जळगावला माहेरी परतली, तर तिला तारखेतारखेला ठाण्याला येण्याची गरज नाही. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तरीही मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर इजेला ५० हजार रुपये मिळण्याची योजना आहे. त्याचा अर्ज महसूल अधिकाऱ्याकडे करायचा असतो. गाडी सापडली, तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मागता येतात. त्याहून अधिक मागायचे तर कलम १६६ खाली निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो.

आणि इथे, भरपाईचा आकडा ठरवताना, बाईच्या श्रमाचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो.

भरपाईचा हिशेब उत्पन्नावरून होतो. माणूस किती कमवत होता, किती वर्षे कमावला असता, त्यातून घराला किती मिळाले असते. मग जी बाई पहाटे पाचला उठून पाणी भरते, डबे करते, सासूचे औषधपाणी, पोरांचा अभ्यास, दळण, बाजार सगळे सांभाळते आणि 'काही करत नाही', तिचे काय? १९९४ मध्ये कायद्याला जोडलेल्या तक्त्यात याचे उत्तर होते. ज्याला उत्पन्न नाही त्याचे मानीव उत्पन्न वर्षाला १५ हजार रुपये, आणि न कमावत्या जोडीदाराचे उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश. म्हणजे बाईच्या कामाची किंमत तिच्या कामावरून ठरत नव्हती, नवऱ्याच्या पगारावरून ठरत होती! तोच स्वयंपाक, तीच धुणीभांडी. नवरा साहेब असेल तर जास्त मोलाची, हमाल असेल तर कमी.

हे बदलायला न्यायालयांना वेळ लागला. २००१ मध्ये जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मोल महिना ३ हजार रुपये धरले. २०१० मध्ये अपघातात मेलेल्या एका गृहिणीच्या खटल्यात न्यायमूर्ती अशोक कुमार गांगुली यांनी २००१ च्या जनगणनेवर बोट ठेवले. त्या जनगणनेने घरकाम करणाऱ्या कोट्यवधी स्त्रियांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर 'अनुत्पादक' गटात टाकले होते. २०२१ च्या जानेवारीतला खटला तर आपल्या विषयाचाच होता. दिल्लीत २०१४ मध्ये दुचाकीवरून जाणारे नवरा-बायको मोटारीच्या धडकेत मेले आणि मागे लहान मुली राहिल्या. न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी तेव्हा सरकारच्याच वेळ-वापर पाहणीचा दाखला दिला. घरच्यांसाठीच्या बिनपगारी कामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि पुरुष ९७ मिनिटे. घरकामाला मानीव उत्पन्न धरणे हे बाईच्या श्रमाला दिलेली मान्यता आहे, अशी त्यांची भूमिका होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. गृहिणीचे उत्पन्न रोजंदारी मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी धरताच येणार नाही, असे ते म्हणाले.

घरकामाला दाम मागणाऱ्या आपल्या चळवळीने कित्येक वर्षे हेच सांगितले आहे. पण निकाल आपोआप खाली झिरपत नाहीत. दाव्याच्या अर्जात व्यवसाय या रकान्यात वकील सवयीने 'गृहिणी, उत्पन्न निरंक' असे लिहितो आणि बाई सही करते. तिथेच तिचा निम्मा हक्क जातो. ती पापड लाटत होती, शिकवणी घेत होती, खानावळीचे डबे देत होती, चार घरची भांडी घासत होती, हे लिहिले जात नाही. कारण त्याची पगाराची चिठ्ठी नसते. चिठ्ठी नसेल तर शेजारणींचे जबाब असतात, मालकिणीचे पत्र असते, भिशीची वही असते. हे पुरावे गोळा करणे हे आपले काम आहे, वकिलाला त्याची कल्पना नसते.

खाटेकडेच्या बाईचेही असेच होते. नवऱ्याचा मणका मोडला, तो कमरेखाली लुळा झाला. त्याला उठवणे, बसवणे, कूस बदलणे, मलमूत्र काढणे, हे चोवीस तासांचे काम बायको करते आणि तिची स्वतःची नोकरी सुटते. दाव्यात मात्र शुश्रूषेचा खर्च शून्य, कारण बाई ठेवलेली नाही, 'घरचीच' आहे. २०२० मध्ये एका अपंग झालेल्या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायमच्या मदतनिसाचा खर्च आयुष्यभराच्या हिशेबाने मंजूर केला. बायकोने केले म्हणून ते काम फुकट होत नाही. तिने ते केले नसते तर माणूस ठेवावाच लागला असता. जखमी पुरुषाचा दावा लिहिताना तिचे हे श्रम त्यात आले पाहिजेत, असा आग्रह आपण धरायला हवा.

आणि नवरा गेल्यावर? पहिला प्रश्न सहीचा. कित्येक विधवा कोऱ्या वकीलपत्रावर सही किंवा अंगठा देतात. दवाखान्याच्या दारातच एजंट गाठतो: "काही खर्च नाही, आले तर टक्का द्या." निकालाच्या रकमेवर टक्केवारी ठरवून फी घेणे वकिलांच्या आचारसंहितेला मंजूर नाही, पण हे तिला कोण सांगणार? एका बहिणीने आम्हाला सांगितले, की पैसे आले हे तिला शेजारणीकडून कळले, तेव्हा निम्मे एजंटाने आणि उरलेले दिराच्या नव्या गाडीने गिळले होते. म्हणून पहिला नियम: दावा तिच्या नावाने, खाते तिच्या एकटीच्या नावाचे, आणि प्रत्येक कागदाची प्रत तिच्या पिशवीत.

इथे सासूचाही विचार प्रामाणिकपणे करायला हवा. मेलेल्या मुलाची म्हातारी आईही वारस आहे, तिचाही वाटा असतो आणि तो असायला हवा. सून आणि सासू एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या की फायदा तिसऱ्याचाच होतो. दोघींना समोरासमोर बसवून, दोघींची नावे अर्जात घालून, वाटणी न्यायाधिकरणाकडूनच लेखी करून घेणे हे आपल्या केंद्रांना जमण्यासारखे काम आहे. लग्न झालेली मुलगीही कायदेशीर वारस म्हणून दावा करू शकते, हे २००७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे.

आणि पुनर्विवाह? 'दुसरं लग्न केलं, आता कसली भरपाई', हा टोमणा विमा कंपन्यांनी कोर्टापर्यंत नेला. २०१० मध्ये मुंबई-पुणे महामार्गावर दुचाकीच्या मागे बसलेला एक तरुण रिक्षाच्या धडकेने गेला. त्याची बायको तेव्हा अवघी १९ वर्षांची. रिक्षाचा परवाना ठाणे जिल्ह्यापुरता होता, ती हद्दीबाहेर गेली होती, शिवाय विधवेने पुन्हा लग्न केले आहे, अशी कारणे विमा कंपनीने पुढे केली. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिवकुमार डिगे यांनी ती फेटाळली. भरपाई मिळावी म्हणून बाईने जन्मभर, किंवा निकाल लागेपर्यंत, विधवाच राहावे अशी अपेक्षा करता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. एकोणीस वर्षांच्या मुलीला हे ऐकायला तेरा वर्षे लागली, हेही विसरू नये.

आपल्याच घरच्या गाडीचा प्रश्न जरा नाजूक. धडक कोणी दिली नाही, नवऱ्याच्याच हातून गाडी घसरली आणि मागची बायको जखमी झाली. तेव्हा तिने दावा करायचा म्हणजे "नवऱ्यावर केस?" असे घरात म्हटले जाते. खरे तर तो दावा विम्यावर असतो. पण त्यासाठी विमा सर्वसमावेशक हवा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात मागे फुकट बसलेल्या माणसाला बहुधा संरक्षण मिळत नाही. चार पैसे वाचवण्यासाठी स्वस्त विमा काढताना मागच्या सीटचा विचार होत नाही, हे पुन्हा तेच. गाडीचा मालक स्वतः चालवताना गेला, तर मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्यातून १५ लाख रुपये मिळू शकतात. २०१८ च्या अखेरीपासून हे संरक्षण तेवढे झाले आहे. पॉलिसीत तो हप्ता भरला आहे का, वारस म्हणून कोणाचे नाव आहे, हे आजच घरी जाऊन कपाटातला कागद काढून पाहावे.

आता पुन्हा शिवाजी चौकाकडे येऊ. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशात खड्ड्यांमुळे १४,९२६ माणसे मेली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आकड्यावर संताप व्यक्त केला. आपल्या उच्च न्यायालयात खड्ड्यांविषयीची याचिका २०१३ पासून चालू होती. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांनी तिच्यात महत्त्वाचा आदेश दिला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, इजा झाली तर तिच्या गंभीरतेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. हे पैसे इतर कोणत्याही दाव्याखेरीज. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने रक्कम ठरवायची, आणि ती नंतर दोषी कंत्राटदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करायची.

हा आदेश कागदावर पडून राहू नये अशी आपली इच्छा असेल, तर त्याला अर्ज लागतील. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांत ही समिती केव्हा बसते, अर्ज कोणत्या खिडकीवर घेतात, आतापर्यंत किती बायकांना पैसे मिळाले, हे प्रश्न प्रत्येक गटाने लेखी विचारावेत. रस्ता कोणाचा, महापालिकेचा की एमएमआरडीएचा, एमएसआरडीसीचा की सार्वजनिक बांधकामाचा, या वादात बाईला टेबलाटेबलांवर फिरवले जाईल. तेव्हा तिच्याबरोबर कोणीतरी हवे. पडलेल्या जागेचा तारखेसह फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा. खड्डा दुसऱ्या दिवशी खडी टाकून बुजवला जातो आणि पुरावाही त्याच खडीखाली जातो.

यातले काहीच अवघड नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. ठाणे जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचे कार्यालय आहे, कल्याण न्यायालयात तालुका समिती आहे, आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. हा मोफत वकील नीट काम करतो का, तारखांना हजर राहतो का, यावर लक्ष ठेवणे हा आपल्या कामाचा भाग झाला पाहिजे. फुकटची मदत ही भीक आहे असे समजून वकील वागत असेल, तर त्याची तक्रारही करायला हवी.

आपण आजवर हा विषय हाती घेतला नाही, ही आपलीही चूक आहे. मार खाल्लेली बाई दवाखान्यात आहे असे कळले की आपण रात्री-अपरात्री धावतो. अपघातात पडलेल्या बाईकडे फळे घेऊन जातो आणि 'लवकर बरी हो' म्हणून परततो. तिच्या उशाशी बसून एमएलसीचा कागद पाहणारी, जबाब तिच्याच तोंडून घ्या म्हणणारी, सहा महिन्यांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून देणारी मैत्रीण तिला हवी असते. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने निदान दोन कार्यकर्त्यांना या कामासाठी तयार करावे, आपल्या वस्तीतल्या जुन्या अपघातांची यादी करावी आणि कोणाचा दावा कुठे अडला आहे ते आम्हाला लिहून कळवावे. पुढच्या अंकात त्या अनुभवांसाठी पाने राखून ठेवत आहोत.

आणि हो, आज संध्याकाळी घरी जाताना दुचाकीच्या मागे बसणार असाल, तर आधी पदर खोचा, ओढणी बांधा, आणि पुढच्याला विचारा: "माझं हेल्मेट कुठे आहे?"